मोबाइल, राऊटर आणि जमाखर्चाची वही

संस्थेच्या अभ्यासिकेत दर रविवारी सायंकाळी मी काही विद्यार्थ्यांना बँकेच्या परीक्षेचे गणित शिकवितो. २०२५ च्या पावसाळ्यात त्यांच्यापैकी एकीला महाविद्यालयात पर्यावरणावर निबंध लिहावयाचा होता. तिने वही पुढे करून विचारले, "काका, मोबाइल आणि इंटरनेटमुळे प्रदूषण होते असे सगळेच लिहितात. पण मोबाइलला ना धुराडे, ना सांडपाण्याचा पाइप. मग प्रदूषण होते कुठे? आणि होते तर किती?"

मला उत्तर देता आले नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. विज्ञान दहावीला सुटले ते सुटलेच. परंतु "किती?" या प्रश्नापुढे गप्प बसणे बँकेच्या कारकुनाला शोभत नाही. म्हणून पुढचे काही आठवडे थोडे वाचन केले, घड्याळ घेऊन घरच्या मीटरपाशी उभा राहिलो (सौ. त्याबद्दल काय म्हणाल्या ते येथे लिहीत नाही) आणि त्यातून जे हाती लागले ते या लेखात मांडीत आहे. त्याच वर्षी आपल्या संस्थेला अभ्यासिकेच्या संगणकांबाबत एक निर्णय घ्यावा लागला, त्याचाही हिशेब पुढे दिला आहे.

जन्मापासून भंगारापर्यंत

इंटरनेटला जोडलेली उपकरणे म्हटली की मोबाइल व संगणक एवढेच डोळ्यांपुढे येतात. पण राऊटर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्हीचा कॅमेरा, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ, मोबाइलवरून लागणारा दिवा हीसुद्धा त्यातलीच. अशा वस्तूंचा पर्यावरणावरील भार मोजण्याची एक मान्य पद्धत आहे. तिला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तिचे आयएसओ १४०४० हे मानक १९९७ साली प्रसिद्ध केले व २००६ साली सुधारले. नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे. वस्तू वापरताना जो खर्च दिसतो तेवढाच धरायचा नाही. खाणीतून धातू काढण्यापासून कारखाना, वाहतूक, वापर आणि शेवटी भंगार, असे संपूर्ण खाते मांडायचे. तापमानवाढीपुरते बोलायचे तर हा सारा खर्च कार्बन डायऑक्साइडच्या किलोत मांडतात, जसे आपण सर्व व्यवहार रुपयांत मांडतो.

आता मोबाइलचे खाते उघडू. कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेले अहवाल पाहिले तर एका स्मार्टफोनचा जन्मभराचा भार साधारण ५० ते ८० किलोच्या घरात येतो. त्यातला पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, फोन आपल्या हाती येण्यापूर्वीच खर्ची पडलेला असतो. चिप तयार करणारे कारखाने अहोरात्र चालतात, त्यांना अतिशुद्ध पाणी, निरनिराळे वायू आणि अमाप वीज लागते. बॅटरीतील कोबाल्ट बहुतांशी आफ्रिकेतील काँगो देशातून येते, आणि तेथे हाताने खोदल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलेही राबतात, हे जगजाहीर आहे. आपण हिशेबासाठी निर्मितीचा भार ६० किलो धरू.

वापराचा खर्च मात्र घरबसल्या काढता येतो. ५००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-अवर. चार्जरमध्ये वाया जाते ते धरून २५ म्हणू. रोज एकदा पूर्ण चार्ज केला तर वर्षाला ९ युनिटे होतात. आपल्या देशातील वीज अजून मुख्यतः कोळशावर होते, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला सव्वासहा किलो. आपण ६ धरू.

येथे मला बँकेतील घसारा आठवला. आमच्याकडे संगणकाची किंमत तीन वर्षांत पुस्तकातून उतरवितात. चौथ्या वर्षी त्याची पुस्तकी किंमत एक रुपया उरते, पण यंत्राला ते कोणी सांगितलेले नसते. अशा एक रुपया किमतीच्या यंत्रावर मी स्वतः सहा वर्षे पासबुके छापली आहेत. मोबाइलच्या ६० किलोंना हाच घसारा लावून पाहा. फोन दोन वर्षांनी बदलला तर दर वर्षाच्या नावे ३० किलो निर्मितीचे आणि ६ विजेचे, एकूण ३६. तोच फोन पाच वर्षे चालविला तर १२ आणि ६ मिळून १८. भार निम्मा झाला, आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागले नाही. फार तर मधे एकदा बॅटरी बदलावी लागेल.

अडचण अशी की पुष्कळदा फोन धडधाकट असतो, पण कंपनी त्याचे सुरक्षा अपडेट बंद करते आणि मग बँकेचे ॲप चालेनासे होते. याबाबत युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे. त्यानुसार एखाद्या स्मार्टफोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट द्यावे लागतात आणि सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हे पोर्टल सुरू केले. तेथे कंपन्यांची दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते. तथापि माहिती देणे आणि नियमाने बांधणे यांत फरक आहे. म्हणून नवा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याविषयी दहा प्रश्न विचारण्याऐवजी अपडेट किती वर्षे मिळणार आणि बॅटरी बदलून मिळते का, हे दोन आधी विचारावेत.

जोडलेल्या उपकरणांचा आणखी एक दोष आहे. त्यांचा अर्धा जीव दुसऱ्याच्या हाती असतो. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचे, घरातील दिवे व यंत्रे मोबाइलवरून चालविण्याचे उपकरण होते. नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. त्या दिवसापासून लोकांच्या घरातील चांगली चालू असलेली उपकरणे निरुपयोगी झाली. साधे बटण दाबून लागणाऱ्या पंख्याचे असे कधी होत नाही.

मीटरवरचा लाल दिवा

मोबाइलच्या हिशेबावरून वीज गौण आहे असे वाटेल. मलाही वाटले होते. पण राऊटर आणि सेट-टॉप बॉक्स यांची जात निराळी. ते दिवसाचे २४ तास, वर्षाचे ८,७६० तास चालू असतात.

विद्यार्थी मित्रांनी हा प्रयोग अवश्य करावा. आपल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा काही आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज खर्च झाली की दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे. अगदी थोड्या भाराची नोंद मीटर घेईलच असे नाही, म्हणून प्रथम घरातले सर्व काही बंद करून एकच ट्यूब चालू ठेवावी. (फ्रिजचा प्लगही काढावा, नाहीतर तो मधेच सुरू होऊन सगळा हिशेब बिघडवितो. माझा दोनदा बिघडला.) मग दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोजावे. ३६,००,००० ला मीटरवरील आकड्याने भागावे, दहाने गुणावे आणि आलेल्या संख्येला सेकंदांनी भागावे. उत्तर वॅटमध्ये येते.

माझ्याकडे नुसत्या ट्यूबला ५६० सेकंद लागले, म्हणजे २० वॅट. राऊटर लावल्यावर ४०० सेकंद, म्हणजे २८ वॅट. वजाबाकी केली की राऊटरचे ८ वॅट निघाले. नंतर सेट-टॉप बॉक्सचा प्लग लावला, पण बॉक्स रिमोटने 'बंद' ठेवला. सेकंद २९० वर आले! म्हणजे आमच्या घरी बंद असलेला तो डबा सुमारे ११ वॅट खात होता, चालू असलेल्या राऊटरपेक्षाही जास्त.

वर्षाचे गणित असे. राऊटरची ७० युनिटे, डब्याची ९६. एकूण १६६ युनिटे, म्हणजे सुमारे ११६ किलो कार्बन डायऑक्साइड. जवळजवळ दोन नवे मोबाइल तयार होण्याइतका भार आमच्या घरात दर वर्षी टीव्हीखालच्या फळीवर बसून होता. युनिटला १० रुपये धरले तर १,६६० रुपयेही गेले. आता आम्ही टीव्ही पाहून झाला की भिंतीवरचे बटण बंद करतो. दिवसाचे १८ तास डबा बंद राहिला तरी वर्षाला ७२ युनिटे वाचतात. राऊटर रात्री आठ तास बंद ठेवला तर आणखी २३. फुकट वीज खाण्याच्या या खोडीवर युरोपात कायदा आहे. तेथे साध्या स्टँडबायची मर्यादा २०१० पासून एक वॅट व २०१३ पासून अर्धा वॅट ठेवली गेली, आणि नेटला जोडलेल्या उपकरणांसाठी वेगळी मर्यादा घातली गेली. आपण निदान भिंतीवरचे बटण तरी वापरावे.

इंटरनेटच्या पलीकडच्या टोकाचाही खर्च असतोच. आपले फोटो व चित्रफिती ज्या डेटा सेंटरमध्ये साठवितात, तशी काही नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात उभी आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते २०२४ साली जगातील सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांना लागली. हा आकडा वाढत आहे. पण या बाबतीत सांगोवांगीच्या आकड्यांपासून सावध राहावे. २०१९ साली फ्रान्समधील शिफ्ट प्रोजेक्ट या संस्थेच्या हवाल्याने जगभर छापून आले की अर्धा तास चित्रफीत पाहिली की १.६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पुढे त्या संस्थेनेच मान्य केले की बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती. एका बाइटमध्ये आठ बिट, त्यामुळे आकडा आठपट फुगला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२० चा अंदाज तर तासाला सुमारे ३६ ग्रॅम, आणि त्यातलाही सर्वांत मोठा वाटा आपल्या समोरच्या पडद्याचा. एका शून्याच्या चुकीपायी रात्री अकरापर्यंत ताळा जुळवीत बसलेल्या माणसाला हे वाचून थोडे बरे वाटते.

अभ्यासिकेतील बारा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे मोफत अपडेट बंद झाले आणि आपल्या अभ्यासिकेतील बाराही संगणक त्यापुढची प्रणाली घेऊ शकत नाहीत असे विक्रेत्याने कळविले. सोबत बारा नव्या लॅपटॉपचे दरपत्रकही जोडले होते. कार्यकारिणीत दोन तट पडले. जुने टाकून द्या असे तरुणांचे म्हणणे. मी खजिनदार, साहजिकच विरोधात. मी म्हटले, हिशेब मांडून आणतो. माझी खात्री होती की तो माझ्याच बाजूने येईल.

तो तसा आला नाही. नव्या लॅपटॉपच्या निर्मितीचा भार साधारण २०० किलो धरला. आपला जुना संगणक पडद्यासह ८० वॅट घेतो, लॅपटॉप २५. फरक ५५ वॅट. जे संगणक स्पर्धा परीक्षेची मुले दिवसाचे सहा तास वापरतात, त्यांचे वर्षाचे १,८०० तास होतात. तेथे फरक ९९ युनिटांचा, म्हणजे ६९ किलोंचा. नवा लॅपटॉप तीन वर्षांच्या आतच आपला भार फेडतो आणि त्यापुढे फायद्यात जातो. जे संगणक केवळ संध्याकाळी दोन तास चालतात, त्यांचा फरक मात्र वर्षाला २३ किलो. तेथे फेड व्हायला साडेआठ वर्षांहून अधिक लागतील, आणि तोवर तो लॅपटॉप टिकेलच असे नाही.

सभेत मी दोन्ही आकडे वाचून दाखविले. तेव्हा आपल्या एका तरुण सभासदाने मधला मार्ग सुचविला. मोठ्या कंपन्या भाडेमुदत संपलेले लॅपटॉप विकतात आणि ते दुरुस्त करून बाजारात येतात. त्यांच्या निर्मितीचा भार पहिल्या मालकाच्या खात्यावर आधीच पडलेला असतो. असे पाच लॅपटॉप दिवसभराच्या वापरासाठी घेतले. उरलेल्या सात जुन्या संगणकांत जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली आणि लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. लॅपटॉपवरही तीच टाकली. सुरुवातीला मुलांनी कुरकूर केली. ऑनलाइन सराव परीक्षा सुरळीत चालतात असे दिसल्यावर ती थांबली. मराठी टंकलेखनाचा कळफलक मात्र अजून एका यंत्रावर त्रास देतो.

पावती

पाच संगणक उरले, आणि त्यांच्यामुळे मला एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे.

२०१३ साली संस्थेने नऊ जुने संगणक, जाड काचेच्या मॉनिटरसकट, वजनावर भंगारात विकले. सर्वांत चांगला दर देणारा गाठला याचा मला अभिमान वाटला होता. त्या पावतीवर सही माझी आहे. पंधरा दिवसांनी कामावरून परतताना नाल्याच्या कडेला धूर दिसला. आपल्याच वस्तीतील तीन मुले वायरी जाळून तांबे काढीत होती. शेजारी फुटलेल्या पिक्चर ट्यूबांच्या काचा पडल्या होत्या, आणि एका पत्र्याच्या खोक्यावर आम्ही पांढऱ्या रंगाने लिहिलेला संस्थेचा क्रमांक मला वाचता आला. त्यातल्या सर्वांत धाकट्याने मला ओळखून हाक मारली.

कार्बन डायऑक्साइडच्या किलोत ही बाब बसत नाही, म्हणून ती वेगळी मांडावी लागते. वायरीवरचे प्लॅस्टिक उघड्यावर जाळले की डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य तयार होते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत आणि डाखात शिसे असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते, आणि ते अमुक मात्रेपर्यंत निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनमधील गुईयू येथे वर्षानुवर्षे जगभरातील संगणक फोडले जात. तेथील मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण शेजारच्या गावातील मुलांपेक्षा बरेच अधिक असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. आपल्या देशात दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद यांची कथा फार वेगळी नाही. २०२२ साली जगात ६२० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. उरलेला पुष्कळसा कोणाच्या हातून जातो, हे मी नाल्याकाठी पाहिले होते.

ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे १ मे २०१२ पासूनच लागू होते. मला ते ठाऊक नव्हते. आता १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आहेत. उपकरण तयार करणाऱ्या कंपनीवर त्याच्या शेवटाची जबाबदारी टाकली आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्यांनीच पुनर्वापराचे काम करावे असे बंधन आहे. नियम चांगले आहेत. पण नोंदणी असलेले केंद्र दारात येत नाही आणि भंगारवाला येतो, रोख देतो, हेही खरे. उरलेल्या पाच संगणकांसाठी केंद्राने आम्हाला भंगाराहून कमी दर सांगितला आणि टेम्पोभाडेही आमच्याच माथी आले. कार्यकारिणीने तो तोटा मंजूर केला. रॅम आणि चालू पडदे काढून ठेवले, बाकीचा माल पोहोचता केला आणि वजनाची पावती घेतली. वस्तू मोडून धातू काढणे हे मुळात वाईट काम नव्हे. टोकियो ऑलिम्पिकच्या सर्व पदकांसाठी जपानने लोकांकडून ६२ लाखांवर जुने मोबाइल आणि इतर लहान यंत्रे गोळा केली, आणि त्यांतून सुमारे ३२ किलो सोने निघाले. ते काम हातमोजे, धूर ओढणारी यंत्रे आणि नियमित पगार यांच्यासह व्हावे, एवढाच प्रश्न आहे.

सभासदांच्या कपाटांतही जुने मोबाइल पडून असतात. विचारले तर उत्तर एकच, "त्यात बँकेचे सगळे आहे." ही भीती रास्त आहे, पण उपाय पाच मिनिटांचा आहे. आधी फोटो व नंबर उतरवून घ्यावेत, बँकेच्या व पैशांच्या ॲपमधून बाहेर पडावे, फोनवरील गूगलचे किंवा ॲपलचे खाते काढावे, मग सेटिंगमध्ये जाऊन 'फॅक्टरी रीसेट' करावे. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नये. फोन चालू असेल तर तो आधी घरात किंवा नात्यात कोणाला लागतो का ते पाहावे. फुगलेली बॅटरी मात्र दाबू नये, टोचू नये, इतर सामानात टाकू नये. ती वेगळी आणावी आणि देताना तसे सांगावे.

संस्थेच्या कार्यालयात जिन्याखाली यासाठी एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. मोबाइल, चार्जर, वायरी, राऊटर, हेडफोन तीत चालतात. ट्यूब आणि घरगुती बल्ब चालत नाहीत. दिलेल्या वस्तूची नोंद वहीत होते आणि पेटी भरली की केंद्राची वजनाची पावती फलकावर लावली जाते. मीटरचा प्रयोग ज्यांना करावयाचा आहे त्या विद्यार्थ्यांनी आपल्या मीटरवरील आकडा कागदावर उतरवून रविवारी सायंकाळी पाच वाजता अभ्यासिकेत यावे. निबंधवाल्या मुलीने तिच्या घरचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.